दापोडीची बाग, सिमल्याचे आकडे, मांजरीचे शेत

पुण्याहून मुंबईकडे निघाले आणि हॅरिस पुलावरून मुळा ओलांडली की दापोडी लागते. आज तिथे लोकल थांबते, कारखान्यांच्या भिंती दिसतात, वस्ती दाटलेली आहे. १८२८ साली मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने इथे सरकारी वनस्पती-उद्यान सुरू केले होते. १८३८ पासून त्याचा अधीक्षक होता अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश डॉक्टर. त्याआधी दख्खन आणि गुजरातमध्ये देवी टोचण्याच्या कामावर असल्यामुळे त्याला इथल्या भाषा येत होत्या, गावे पायाखालची होती. त्याने या बागेतल्या वनस्पतींची चित्रे एका हिंदी-पोर्तुगीज चित्रकाराकडून काढून घेतली. ती चित्रे आज एडिंबरोच्या वनस्पती-उद्यानात जपलेली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र राहिलेले नाही.

याच गिब्सनने १८४०च्या दशकात सरकारला वारंवार कळवले, की कोकणातली आणि घाटावरची झाडे अशीच तुटत राहिली तर झरे आटतील. १८४७ साली मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक म्हणून त्याचीच नेमणूक झाली. माणसाच्या हातून हवापाणी बिघडते आहे आणि सरकारने ते थांबवले पाहिजे, ही कल्पना आपल्या प्रांताच्या कारभारात शिरली ती अशी. कार्बन वायूचे नाव कोणाच्या ओठी येण्याच्या कितीतरी आधी.

जागतिक पर्यावरणबदलाच्या संशोधनात आज दोन शब्द फार चालतात. एक उपशमन, म्हणजे बिघाडाचे कारणच कमी करणे. दुसरा अनुकूलन, म्हणजे बिघाड होणारच असेल तर त्यात टिकून राहायची तजवीज करणे. दोन्ही शब्द संस्कृताच्या कपाटातून काढलेले. शेतकऱ्याच्या तोंडी ‘आवरणे’ आणि ‘निभावणे’ हे शब्द आहेत आणि ते पुरेसे आहेत. या दोन प्रश्नांच्या मधोमध तिसरा एक उभा असतो : पुढे काय होणार हे आधी कळेल का? आवरणे, ओळखणे आणि निभावणे हे तिन्ही प्रश्न आपल्या मुलखात गेली पावणेदोनशे वर्षे विचारले जात आहेत. ते कोणी विचारले आणि त्यांच्या उत्तरांची किंमत कोणाच्या नावे पडली, हे शोधण्याचा नाद मला लागला त्याला आता वीसेक वर्षे झाली. मी रीतसर इतिहास शिकलेलो नाही. पोटासाठी हिशेब लिहिले. त्यामुळे कोणताही जुना अहवाल हाती आला की त्यातली नावे-बाजू आधी पाहायची खोड आहे, आणि या लेखातही ती दिसेल.

गिब्सन एकटा नव्हता. १८४७ सालीच कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी हिंदुस्थानातल्या अधिकाऱ्यांना विचारणा केली, की झाडांचा देशाच्या हवामानावर आणि उत्पन्नावर काय परिणाम होतो? मद्रासकडचा डॉक्टर एडवर्ड बाल्फोर याने १८४९ साली या विषयावर टिपणे छापली. १८५१ मध्ये ब्रिटिश असोसिएशन या शास्त्रज्ञांच्या संस्थेपुढे उष्ण कटिबंधातल्या जंगलतोडीच्या परिणामांवर एक अहवाल आला. तो तयार करणाऱ्या चौघांत ह्यू क्लेगहॉर्न होता, तसाच रिचर्ड स्ट्रॅची नावाचा एक लष्करी इंजिनिअरही होता. हे दुसरे नाव ध्यानात ठेवावे, पुढे ते पुन्हा येणार आहे.

या सगळ्या लिखाणात दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या होत्या. झाडे गेली की उतारावरची माती धुपते, पाणी मुरत नाही, झरे लवकर आटतात, हे एक विधान. कोकणातल्या कोणाही म्हाताऱ्या माणसाने ते कबूल केले असते. झाडे गेली की पाऊसच कमी पडतो, हे दुसरे विधान. पहिल्याला डोळ्यांचा पुरावा होता; दुसऱ्याला तेव्हा अंदाजाखेरीज काही नव्हते, कारण पावसाची विश्वासार्ह मोजमापेच फार थोड्या ठिकाणी होत होती. पण कायदा करायचा तर दुसरे विधान जास्त उपयोगी. झरा एका गावाचा असतो, पाऊस साऱ्या मुलखाचा. साऱ्या मुलखाच्या नावाने एका गावाचे रान बंद करता येते.

१८६५ साली पहिला वनकायदा झाला, १८७८ साली दुसरा आणि जास्त कडक. त्याच काळात आगगाडीच्या रुळांखाली घालायला सागाचे स्लीपर हवे होते, इमारतींना आणि जहाजांना लाकूड हवे होते. म्हणजे झाडे राखणारा आणि तोडणारा हात एकच होता. बंद झाले ते लोकांचे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राब भाजायला लागणाऱ्या डहाळ्या, जळण, गवत, गुरांची वाट, सगळ्यावर परवाना आला. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये सरकारला त्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला.

जोतीराव फुल्यांचे ‘शेतकऱ्याचा असूड’ आपण जातिव्यवस्थेवरचे पुस्तक म्हणून वाचतो, आणि ते तसे आहेच. पण १८८३ साली पूर्ण झालेल्या या ग्रंथात माती आणि पाणी यांचा जो विचार आहे, त्याकडे पर्यावरणाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी फारसे पाहिलेले नाही असे मला वाटते. डोंगरावरचा पालापाचोळा आणि कुजके सत्त्व पावसाबरोबर वाहून शेतात येते आणि शेताला कस देते, ही साखळी फुल्यांनी नीट मांडली आहे. जंगलखात्याने गायराने आणि डोंगर गिळल्यामुळे गरीब शेतकऱ्याला शेळीही पाळता येईनाशी झाली, ही तक्रार आहे. आणि पुढे उपाय आहेत : सरकारी फौजेतल्या आणि पोलिसांतल्या रिकाम्या हातांकडून जागोजाग ताली आणि बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरून मग ओढ्याला मिळेल, तलाव बांधावेत, हुशार पाणाड्यांकडून जमिनीतले झरे शोधून घ्यावेत. आवरण्याची जबाबदारी सरकार ज्याच्यावर टाकत होते, त्याच्या बाजूने निभावण्याचा हा जमाखर्च आहे. त्याला कोणी संशोधन म्हटले नाही.

आता १८७६ सालाकडे येऊ. मराठीत दोन शब्द आहेत आणि आपण ते एकमेकांऐवजी वापरतो. अवर्षण म्हणजे पाऊस न पडणे. दुष्काळ म्हणजे वाईट काळ. पहिला शब्द आभाळाविषयी आहे, दुसरा माणसांविषयी. १८७६ मध्ये सोलापूर, कलादगी, नगर, पुणे या भागांत अवर्षण झाले. त्याचा दुष्काळ कसा झाला हे पाहायचे तर बाजारभाव, सारा, कर्ज आणि मजुरी पाहावी लागते. हे त्या वेळी पुण्यात काही माणसांच्या ध्यानात आले होते. १८७० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने, ज्यांना पुढे ‘सार्वजनिक काका’ म्हटले गेले त्या गणेश वासुदेव जोशींच्या पुढाकाराने, जिल्ह्याजिल्ह्यांत माणसे पाठवली. पिकाची स्थिती, धान्याचे भाव, गुरांची विक्री, गाव सोडून गेलेली कुटुंबे यांची माहिती गोळा झाली आणि सरकारला एकामागून एक पत्रे गेली. पत्रांची भाषा नम्र आहे, इंग्रजी सुबक आहे, मजकूर मात्र टोचणारा आहे.

टोचण्याचे कारण एक पौंड धान्य. व्हाइसरॉय लिटनने १८७७च्या आरंभी रिचर्ड टेंपलला दुष्काळी भागाच्या पाहणीवर पाठवले. मदतकामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरेत, असे टेंपलचे म्हणणे पडले. एक पौंड म्हणजे आपल्या जुन्या मापाने जेमतेम अर्धा शेर. दिवसभर खडी फोडणाऱ्याला अर्धा शेर. मद्रासचा आरोग्य आयुक्त कॉर्निश याने हे अन्न जगायला पुरणारे नाही असे शास्त्राच्या आधारे सांगितले. सभेने हिशेबाच्या आधारे सांगितले. आणि दख्खनमधल्या मदतकामांवरून हजारो मजुरांनी काम टाकून चालते होऊन सांगितले. माणूस किती धान्यावर किती दिवस काम करू शकतो, हाही संशोधनाचाच प्रश्न होता. फरक इतकाच, की त्याची प्रयोगशाळा खडीच्या ढिगावर होती आणि प्रयोगाचे विषय उपाशी होते.

१८७६ ते १८७८ या काळात ब्रिटिश मुलखातच पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली असा अंदाज आहे. त्याच सुमारास उत्तर चीनमध्ये भयंकर दुष्काळ होता आणि ब्राझीलच्या ईशान्य भागातही. ही सगळी एकाच उलथापालथीची टोके होती हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. पण संशय एका माणसाला आला होता.

हेन्री ब्लॅनफर्ड मूळचा भूगर्भशास्त्रज्ञ. १८७५ मध्ये हिंदुस्थानचे हवामान खाते स्थापन झाले आणि तो त्याचा पहिला प्रमुख झाला. काम हाती घेऊन वर्ष होते न होते तोच हा दुष्काळ पुढ्यात आला. दुष्काळाच्या काळात हवेचा दाब नेहमीपेक्षा जास्त आहे, आणि तो फक्त हिंदुस्थानात नाही तर फार मोठ्या पट्ट्यात जास्त आहे, असे त्याला दिसले. त्याने दूरदूरच्या वेधशाळांकडे आकडे मागितले. दक्षिण ऑस्ट्रेलियाचा चार्ल्स टॉड पुढे लिहून गेला, की हिंदुस्थानातले आणि ऑस्ट्रेलियातले अवर्षण बरेचदा एकाच वेळी येते. सोलापूरच्या जोंधळ्याचा संबंध अॅडलेडच्या हवेशी असू शकतो, हे एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या कल्पनांपैकी एक मानायला हरकत नाही. त्याच काळात दुष्काळाचा संबंध सूर्यावरच्या डागांशी जोडणारेही होते, आणि त्यांचे लेख जास्त खपत.

दुष्काळानंतर आयोग बसला. त्याचा अध्यक्ष होता रिचर्ड स्ट्रॅची, म्हणजे १८५१च्या जंगल-अहवालातलाच स्ट्रॅची, आता लेफ्टनंट जनरल झालेला. १८८० साली आलेल्या या अहवालातून दुष्काळ-संहिता निघाल्या, शेतीखात्यांना चालना मिळाली. स्ट्रॅची बुद्धिमान माणूस होता आणि अहवालही साधा नाही. मदत केव्हा सुरू करावी, कोणाला काम द्यावे, काम न होणाऱ्याला काय द्यावे, याची शिस्त त्यात आहे. पण साऱ्याचा दर आणि त्याची वसुली हे दुष्काळाचे कारण असू शकते का, या प्रश्नाशी तो थबकतो. आमच्या भाषेत सांगायचे तर हिशेब तपासायचा, पण मालकाचे खाते उघडायचे नाही.

इथून दोन वाटा फुटतात. एक आभाळाकडे जाते.

ब्लॅनफर्डने १८८४ मध्ये हिमालयातला बर्फ आणि हिंदुस्थानातली कोरडी साले यांचा संबंध मांडला : हिवाळ्यात आणि वसंतात बर्फ जास्त पडला की पुढचा पाऊस कमी. १८८६ पासून त्या आधारावर दरवर्षी मोसमी पावसाचा अंदाज निघू लागला. त्याच्यानंतर आलेल्या जॉन एलियटने अंदाजाचा पसारा वाढवला. १८९९ साली त्याने चांगल्या पावसाचे भाकीत केले आणि त्या वर्षी देशाने पुन्हा एक भीषण दुष्काळ पाहिला. वर्तमानपत्रांनी झोडपले. पुढची काही वर्षे अंदाज जाहीर न करता सरकारपुरतेच ठेवले गेले. चुकीचा अंदाज झाकून ठेवणे ही काही आजची रीत नव्हे.

मग १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर आला. तो केंब्रिजचा गणिती होता, हवामानशास्त्राचा नव्हे. तरुणपणी बूमरँग फेकण्याचा नाद इतका, की मित्रांनी तेच नाव ठेवले होते. हवेचे नियम पुरते कळलेले नाहीत, तर आकडेच बोलू द्यावेत, असा त्याचा पवित्रा होता. जगभरच्या ठाण्यांवरचे दाब, तापमान, पाऊस, नद्यांचे पाणी यांच्या नोंदी सिमल्याच्या कचेरीत आणून त्यांच्यातले परस्परसंबंध त्याने हिंदी कारकुनांच्या फौजेकडून हाताने काढून घेतले. यंत्र नव्हते, माणसे होती. त्या बेरजा-गुणाकारांतून प्रशांत महासागर आणि हिंदी महासागर यांच्यावरच्या दाबाचा तराजूसारखा झुलता खेळ समोर आला. १९२४ मध्ये त्याने त्याला ‘सदर्न ऑसिलेशन’ म्हटले. एल निनोशी त्याची गाठ १९६०च्या दशकात याकोब ब्यर्कनेसने घातली आणि ब्लॅनफर्डचा संशय जवळजवळ नव्वद वर्षांनी पुरा झाला. मूळ मागणी पुण्या-सोलापूरच्या पावसाचा अंदाज सांगण्याची होती. हाती आली ती साऱ्या पृथ्वीच्या हवामानाची एक किल्ली. हिंदुस्थानच्या पावसासाठी वॉकरची सूत्रे मात्र पुढे फार भरवशाची ठरली नाहीत.

वॉकरचे एक लहान काम मला त्याच्या मोठ्या कामाइतकेच महत्त्वाचे वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांपासून ओळीने कोरडी साले आली तेव्हा हिंदुस्थानचे हवामान कायमचे बदलले आणि त्याला जंगलतोड कारण, ही जुनी हाकाटी पुन्हा उठली. ब्लॅनफर्डने १८८७ मध्ये मध्य प्रांतातल्या आकड्यांवरून जंगल राखल्याने पाऊस वाढतो असे दाखवण्याचा प्रयत्न केला होता. वॉकरने १९१० मध्ये उपलब्ध सगळ्या नोंदी तपासल्या आणि पावसात असा कायमचा बदल झाल्याचा पुरावा आकड्यांत दिसत नाही असे लिहिले. ज्या विधानाच्या जोरावर रानांना कुंपणे पडली होती, त्याला सरकारच्याच हवामानप्रमुखाने पुरावा नाही म्हटले. कुंपणे तिथेच राहिली. आजचे शास्त्र जंगल आणि पाऊस यांचे नाते सपशेल नाकारत नाही. पानांतून निघणारी वाफ पुढे कुठेतरी पाऊस होऊन पडते हे आता मोजता येते. पण १९१० साली जे उत्तर होते त्याचा कायद्यावर काही परिणाम झाला नाही, आणि संशोधनाचा प्रश्न खरोखर उत्तरासाठी विचारला जात होता की कायद्याच्या तोंडलावण्यासाठी, हे इथे कळते.

हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. तिच्या जवळच शेतकी कॉलेज आहे. दुसरी वाट, जमिनीकडे जाणारी, ती तिथून निघते.

हॅरल्ड मॅन १९०७ मध्ये या कॉलेजचा प्राचार्य झाला. तो रसायनशास्त्रज्ञ. मातीचे पृथक्करण करता करता त्याला वाटले असावे की मातीवर राहणाऱ्यांचेही करून पाहावे. पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी करून त्याने १९१७ मध्ये पुस्तक छापले. गावातली सरासरी जमीन १७७१ मध्ये ४० एकर होती, १९१५ मध्ये ७ एकर. बहुतेक कुटुंबांची जमीन, उत्तम पीक आले तरी, त्यांचे पोट भरायला पुरी पडत नव्हती. आज तिथे उंच इमारती आणि झगमगीत दुकाने आहेत. त्या इमारतींत राहणाऱ्यांना आपल्या गावावर असे पुस्तक आहे हे सांगितले तर हसतात.

पुढचा अभ्यास कोरडवाहू गावाचा हवा म्हणून शिरूर तालुक्यातले जातेगाव बुद्रुक निवडले. तो १९२१ मध्ये आला आणि त्यावर मॅनबरोबर एन. व्ही. कानिटकर हे नाव आहे. मला या माणसाविषयी विशेष आस्था आहे. वॉकरवर जगभर लिहिले गेले, आणि ते योग्यच आहे. कानिटकरांचे नाव शेतकी कॉलेजच्या बाहेर किती जणांनी ऐकले असेल?

मांजरीच्या शेतावर १९२३ मध्ये व्ही. ए. ताम्हणे यांनी कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू केले आणि कानिटकरांनी ते काम पुढे नेले. १९३३ पासून सोलापूर आणि विजापूर इथे त्यासाठी केंद्रे झाली. प्रश्न साधा होता : पाऊस कमी पडणार, अनियमित पडणार, असे धरून चाललो तर पडेल तेवढ्यातला किती जमिनीत राहतो? वाहून किती जातो, उन्हाने किती उडतो, तणाने किती पितो? उतारावर वाहणारे पाणी आणि त्याबरोबर जाणारी माती मोजली गेली. ज्वारीच्या मुळांना कोणत्या खोलीवर ओल मिळते ते पाहिले गेले. यातून जी पद्धत बसली तिला ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ म्हणत. समपातळीवर बांध घालावेत, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट करावी, शेणखत घालावे, बी पातळ पेरावे, दोन ओळींत हात-दीड हात अंतर ठेवावे आणि पुन्हापुन्हा कोळपावे. कोळपणी म्हणजे अर्धे पाणी असे आपले शेतकरी म्हणतच होते. मांजरीने त्यामागचे कारण शोधले.

या पद्धतीचे फार गोडवे गाण्यात अर्थ नाही. उत्पन्न वाढे, पण मुळात एकरी उत्पन्नच इतके कमी की वाढ पदरात पडल्यासारखी वाटत नसे. बैलजोडी नसलेल्याने खोल नांगरट कशी करायची, शेणाच्या गोवऱ्या चुलीत जात असताना शेणखत कुठून आणायचे, याला शेतावर उत्तर नव्हते. १९४२च्या जमीन सुधारणा कायद्यानंतर सरकारने बांधबंदिस्तीचा सपाटा लावला तेव्हा खोल काळ्या जमिनीत बांधाच्या आत पाणी तुंबू लागले, बांध फुटू लागले. फुल्यांची ताल शेतकऱ्याने आपल्या शेताचा उतार पाहून घातलेली होती. खात्याचा बांध नकाशावरच्या समपातळी रेषेवर आखलेला होता. तरीही, नैसर्गिक संकट येणारच असे गृहीत धरून त्यातून माणूस कसा निभावेल हे पद्धतशीरपणे विचारणारे काम या बाजूला एवढेच होते, आणि त्याला सिमला ऑफिसच्या मानाने प्रतिष्ठा फार कमी मिळाली.

दोन वाटा कुठे भेटल्याच नाहीत असेही नाही. १९३२ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात एल. ए. रामदास यांच्या हाताखाली शेतीहवामानाचा विभाग निघाला. जमिनीलगतच्या हवेचे थर, पिकाच्या आतली उष्णता, दव, ओल यांचा अभ्यास तिथे झाला. आभाळ मोजणारे लोक पहिल्यांदा वाकून ताटव्यात शिरले. आणि मॅनने निवृत्तीनंतरही दख्खनचा नाद सोडला नाही. १८६५ ते १९३८ या काळातल्या मुंबई इलाख्यातल्या दख्खनच्या पावसाचा अभ्यास त्याने केला, तो १९५५ मध्ये छापला गेला. पुस्तकाच्या नावातच पाऊस आणि दुष्काळ हे दोन वेगळे शब्द आहेत.

१९७२ आले तेव्हा वॉकरचे सूत्रही हाती होते आणि मांजरीची पद्धतही, आणि दोहोंपैकी एकानेही माणसे वाचवली नाहीत. माणसे वाचली ती मजुरीने. १९७३च्या मे महिन्यात महाराष्ट्रात मदतकामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. मी तेव्हा लहान होतो. मिलोची भाकरी आणि सुकडी यांची चव माझ्या पिढीच्या जिभेवर आहे. मोर्चे निघाले, घेराव झाले, मजुरी वेळेवर मिळावी म्हणून बायका तहसील कचेरीत ठाण मांडून बसल्या. त्यातूनच वि. स. पागे यांनी पुढे रेटलेली रोजगार हमीची कल्पना पक्की झाली. १९७७ मध्ये कायदा झाला, १९७९च्या २६ जानेवारीला तो लागू झाला. काम मागितले तर ते देणे सरकारला बंधनकारक. टेंपलच्या एका पौंडापासून इथवर यायला शंभर वर्षे लागली. हवामानबदलाशी जुळवून घेण्याचे जगातले मोठे उदाहरण म्हणून तिच्याकडे पाहता येते, पण ती कोणत्याही हवामानविषयक संशोधनातून निघालेली नाही. अवर्षणाचा दुष्काळ का होतो, या सार्वजनिक सभेच्या जुन्या प्रश्नातून ती निघाली.

आजची स्थिती पाहू. आपल्याकडे गावाचा दुष्काळ पैसेवारीने ठरे, तिला आधी आणेवारी म्हणत. तलाठी, ग्रामसेवक, गावातले चार जाणते उभ्या पिकात जाऊन ठरावीक तुकडा कापून पाहत आणि पन्नास पैशांच्या खाली गेले तर दुष्काळ. या पद्धतीत गडबडी होत, दबाव येई, हे मला चांगले ठाऊक आहे. केंद्राच्या २०१६च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने भार पावसाची तूट, उपग्रहाने दिसणारी हिरवाई, जमिनीतली ओल, भूजल अशा निर्देशांकांवर टाकला. मोजमाप शास्त्रशुद्ध झाले यात शंका नाही. पण मोजली जाते ती आधी आभाळाची तूट. माणसाचे काय झाले हे मागाहून येते. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्यात तर शेतात जायचीच गरज नाही. महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्रावर ठरावीक आकडा ओलांडला तर भरपाई, नाही तर नाही. सोलापूर-सांगलीकडे डाळिंबाच्या आणि द्राक्षाच्या बागायतदारांशी बोललो तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न यंत्राच्या जागेबद्दलच होता. ते टेकडीवर आहे की ओढ्याकाठी, आडोशाला आहे की उघड्यावर, आणि ते तिथेच बसवायचे असे कोणी ठरवले.

आवरण्याच्या बाजूलाही जुना ताळेबंद पुन्हा उघडलेला आहे. कोळसा कमी जाळायचा तर सौरऊर्जा हवी आणि ती हवीच, त्याबद्दल माझे दुमत नाही. त्यासाठी जागा लागते आणि सरकारी कागदावर ‘पडीक’ अशी नोंद असलेली जागा स्वस्त पडते. दुष्काळी तालुक्यांत सौर प्रकल्पांसाठी गायराने दिली जातात तेव्हा ग्रामसभेत एखादा मेंढपाळ उठून विचारतो, की मग मेंढरे कुठे न्यायची? हा प्रश्न ठाणे-कुलाब्यातल्या लोकांनी विचारला होता, फुल्यांनी छापला होता. त्या प्रकल्पाच्या अहवालात वाचलेल्या कार्बनचा आकडा टनांत दिलेला असतो. किती मेंढ्या, किती बोकडांचे उत्पन्न, मेंढरे बसवण्याच्या बदल्यात किती धान्य, किती शेतांना मिळणारे किती लेंडीखत, याचा रकाना मी पाहिलेल्या एकाही अहवालात नव्हता. तो भरण्यासाठी उपग्रह लागत नाही. सार्वजनिक सभेने १८७६ मध्ये जशी माणसे पाठवली तशी पाठवावी लागतील आणि त्यांना प्रवासखर्च द्यावा लागेल.